हरणाऱ्या संघाचं चाहतेपण कसं निभवायचं: पिट्सबर्ग पायरेट्सच्या चाहत्याची वर्षभराची पद्धत

बेसबॉलमधला सर्वात वाईट संघसुद्धा वर्षाला चाळीसेक सामने जिंकतो. शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १६२ पैकी १२१ सामने हरून आधुनिक काळातला विक्रम केला, तरी ४१ रात्री त्यांचे चाहते खुशीत झोपले. पुढच्याच वर्षी कोलोराडो रॉकीज ११९ हरले, म्हणजे ४३ जिंकले. आयपीएलच्या साखळीत एका संघाचे १४ सामने असतात. ओळीने सहा हरले की चाहता टीव्ही बंद करून मोकळा होतो. बेसबॉलमध्ये मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळपास रोज सामना असतो. तिथे निकालावर जीव टांगून बसणारा माणूस मे महिन्यातच थकतो. म्हणून हा लेख चिकाटीवर नाही, पद्धतीवर आहे. रोज काय बघायचं, काय सोडून द्यायचं आणि पैसे कुठे खर्च करायचे, एवढं ठरलं तर पडत्या संघाबरोबरचा उन्हाळा मजेत जातो.

माझा संघ पिट्सबर्ग पायरेट्स. २०२५ मध्ये ७१ विजय, ९१ पराभव. शेवटचं विश्वविजेतेपद १९७९ मध्ये आणि प्लेऑफचा शेवटचा सामना २०१५ मध्ये. कार्नेगी मेलन किंवा पिट (पिट्सबर्ग) विद्यापीठात शिकायला गेलेल्या कित्येक मराठी मुलांचा बेसबॉलशी पहिला परिचय याच संघामुळे होतो, कारण तिकीट स्वस्त असतं आणि मैदान अप्रतिम आहे. तुमचा संघ दुसरा असला तरी खालची बहुतेक पद्धत लागू पडेल. फक्त नावं बदला.

आधी हिशेब समजून घ्या

बेसबॉलवाल्यांचं एक जुनं म्हणणं आहे: प्रत्येक संघ ५४ सामने जिंकणारच, ५४ हरणारच, प्रश्न उरलेल्या ५४ चा असतो. ७१ विजय म्हणजे कुठल्याही संध्याकाळी जिंकण्याची शक्यता साधारण ४४ टक्के. इतकं वाईट नाहीच ते! पण आत आणखी एक गंमत आहे. २०२५ मध्ये पायरेट्सनी घरच्या मैदानावर ४४ जिंकले आणि ३७ हरले; बाहेर मात्र २७ जिंकले आणि ५४ हरले. म्हणजे घरच्यापुरतं बोलायचं तर तो बरा संघ होता. तुमच्या संघाचा असा घर-बाहेरचा हिशेब एप्रिलच्या अखेरीला एकदा आणि जूनअखेरीला एकदा मांडून बघा. बाहेरच्या सामन्यांना झोप काढायची की नाही, ते त्यातून आपोआप ठरतं.

गुणतक्ता रोज उघडू नका, पंधरवड्यातून एकदा पुरे. त्याऐवजी एकूण धावांचा फरक बघा: केलेल्या धावा वजा दिलेल्या धावा. एका धावेने खूप सामने हरणारा संघ आणि दर सामन्यात सात-आठ धावांनी मार खाणारा संघ तक्त्यात शेजारी दिसतात, पण पहिल्यात आशेला जागा असते.

मग इतिहास, पण सगळा नाही

दुःखालासुद्धा वंशावळ लागते. संघाच्या तीन-चार तारखा पाठ असल्या की चाहत्यांच्या गप्पांत तुम्ही परके राहत नाही. पायरेट्सच्या बाबतीत त्या अशा.

१३ ऑक्टोबर १९६०. विश्व मालिकेचा सातवा सामना, समोर न्यूयॉर्क यांकीज. त्या मालिकेत यांकीजनी एकूण ५५ धावा केल्या आणि पायरेट्सनी २७, तरीही मालिका पायरेट्सनी जिंकली, कारण बिल मॅझरोस्कीने नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारून सामना संपवला. धावांच्या फरकावर मी वर एवढं बोललो, तर हा त्याला अपवाद.

१ सप्टेंबर १९७१. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल लीगमध्ये, पहिल्यांदाच एका संघाने नऊच्या नऊ कृष्णवर्णीय आणि लॅटिनो खेळाडू उतरवले. तो संघ पायरेट्स. त्यात पोर्तो रिकोचा रॉबेर्तो क्लेमेंते होता. पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरला त्याने ३,०००वा हिट (बेस गाठून देणारा फटका) मारला आणि ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान कोसळून तो गेला. पिट्सबर्गमध्ये २१ हा आकडा दिसला की तो त्याच्या जर्सीचा असतो. आताच्या मैदानातली उजवीकडची भिंतही मुद्दाम २१ फूट उंच बांधलेली आहे.

१४ ऑक्टोबर १९९२. विश्व मालिकेच्या आधीच्या फेरीत अटलांटाविरुद्ध सातव्या सामन्यात नवव्या इनिंगच्या सुरुवातीला २-० आघाडी. दोन बाद झाले असताना फ्रान्सिस्को कॅब्रेराच्या फटक्यावर सिड ब्रीम, जो आधी पायरेट्सकडेच होता, निर्णायक धाव घेत, घसरत होम प्लेटला पोचला आणि पायरेट्स हरले. पायरेट्सच्या बॅरी बाँड्सचा थ्रो किंचित उशिरा आला. त्या हिवाळ्यात बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग २० हंगाम पायरेट्सचे पराभव विजयांहून जास्त राहिले. विसाव्या वर्षाची कथा तर क्रूरच: ऑगस्टमध्ये पराभवांपेक्षा १६ विजय जास्त असलेला संघ ७९-८३ वर संपला.

आणि १ ऑक्टोबर २०१३. एकवीस वर्षांनी पहिला प्लेऑफ सामना, काळे कपडे घालून आलेलं मैदान, सिनसिनाटीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जॉनी क्वेटो याच्या नावाचा घोष. त्याच्या हातून चेंडू निसटून खाली पडला आणि लगेच रसेल मार्टिनने होम रन मारला. जुन्या चाहत्याला ही संध्याकाळ विचारा आणि तासभर मोकळा ठेवा.

वेळापत्रक आपल्या घड्याळावर बसवा

भारतातून बघणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. हंगामात पिट्सबर्ग आपल्याहून साडेनऊ तास मागे असतं. तिथल्या नेहमीच्या संध्याकाळच्या ६:४० चा सामना आपल्याकडे पहाटे ४:१० ला सुरू होतो. रविवारचा दुपारचा १:३५ चा सामना आपल्याकडे रात्री ११:०५ ला, आणि आठवड्यात अधूनमधून होणारा १२:३५ चा सामना रात्री १०:०५ ला. संघ पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरेला गेला की सामने सकाळी सात-साडेसातला येतात. चहा-नाश्त्याबरोबर दोन इनिंग होतात.

माझी शिफारस अशी. आठवड्यातून एक सामना पूर्ण, थेट बघा. तो शक्यतो रविवारचा. पहाटेच्या सामन्यांचे पंधरा मिनिटांच्या आतले संक्षिप्त व्हिडिओ सकाळी बघा, पण निकाल आधी न वाचता. त्यासाठी फोनवरच्या सूचना बंद ठेवाव्या लागतात. २०२३ पासून पिचरला घड्याळाची मर्यादा आल्यामुळे सामना आता सरासरी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास संपतो, त्यामुळे अकराचा सामना पावणेदोनला आटपतो. सोमवारी ऑफिस असलं तरी जमतं.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. लीगच्या एमएलबी डॉट टीव्ही या सेवेवर तुमच्या स्थानिक संघाचे सामने बंद असू शकतात. म्हणजे पिट्सबर्गमध्ये बसून पायरेट्स दिसत नाहीत आणि पुण्यात दिसतात! भारतातून ही अडचण सहसा येत नाही. बघायला जमत नसेल तेव्हा रेडिओ ऐका. बेसबॉल हा मुळात ऐकायलाही उत्तम खेळ आहे, आणि पायरेट्स जिंकले की समालोचक ग्रेग ब्राउनची ‘रेझ द जॉली रॉजर’ ही आरोळी ऐकायलाच हवी. समुद्री चाच्यांचा तो कवटीचा झेंडा विजयाच्या दिवशी चाहते फडकवतात. हरल्यावर काही करायचं नसतं, ही या प्रथेची सोय.

स्कोअरकार्ड हाताने लिहा

सगळ्या पायऱ्यांत एकच निवडायची म्हटली तर मी ही निवडेन. कारण पराभव कुठून आला ते कागदावर लिहिताना कळतं, आणि कळलं की चिडचिड निम्मी होते.

एक साधी वही घ्या. डावीकडे नऊ बॅटर, वर नऊ इनिंग, असे चौकोन आखा. मैदानावरच्या जागांना ठरलेले आकडे आहेत: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६, आणि आउटफिल्डमध्ये डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. चेंडू शॉर्टस्टॉपने उचलून फर्स्टला फेकला आणि बॅटर बाद झाला तर त्याच्या चौकोनात ६-३. शॉर्टस्टॉपकडून सेकंडला, तिथून फर्स्टला आणि दोघे बाद, तर ६-४-३. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन बाद) इंग्रजी ‘के’ अक्षर. बॅट न फिरवता नुसता बघत राहिला तर तेच अक्षर उलटं. उंच उडालेला झेल सेंटर फील्डरने घेतला तर फ्लायचं ‘एफ’ आणि पुढे ८. चौकोनात छोटा हिरा काढा आणि धावणारा जिथवर पोचला तिथवर त्याच्या बाजू गिरवा. धाव झाली की हिरा भरून टाका.

पहिल्या दोन-तीन सामन्यांत गोंधळ होईल, खेळाडू बदलले की जागा पुरणार नाही. तिथे उभी रेघ मारून नवं नाव खाली लिहा आणि पुढे चला. महिनाभरात वहीत नमुने दिसू लागतात. सातव्या इनिंगनंतर कोणता राखीव पिचर आला की सामना हातातून जातो, बेसवर माणसं अडकवून ठेवायची सवय कुणाला आहे, चौथ्या क्रमांकाचा बॅटर उलटी ‘के’ किती गोळा करतो. ही वही समोर असली की टीव्हीवरच्या तज्ज्ञांपेक्षा तुम्हाला जास्त कळतंय असं वाटतं, आणि कधीकधी ते खरंही असतं.

एक माणूस निवडा

वाईट संघातही एखादा खेळाडू असा असतो की त्याच्यासाठी पहाटे उठावं. पायरेट्सकडे तो पॉल स्कीन्स. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तिथे) पहिल्या क्रमांकावर निवड, ११ मे २०२४ ला पहिला सामना, त्याच वर्षी ऑल-स्टार सामन्यात (दोन लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात) नॅशनल लीगकडून सुरुवात आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान. २०२५ मध्ये त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, तोही एकमताने. त्या वर्षी त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, १.९७ होता. आणि त्याचा विजय-पराभवाचा आकडा? १०-१०. कारण त्याच वर्षी पायरेट्सनी सगळ्या ३० संघांत सर्वात कमी होम रन मारले होते.

सुरुवात करणारा पिचर साधारण पाच-सहा दिवसांनी एकदा खेळतो. पुढच्या सामन्यांचे संभाव्य पिचर आधीच जाहीर होतात. ते बघून स्कीन्सचे दिवस कॅलेंडरवर टाका. त्या दिवशी संघ जिंकतो का, हा दुय्यम प्रश्न. तिसऱ्यांदा समोर आलेल्या बॅटरला तो काय वेगळं टाकतो, बॅटरच्या विरुद्ध दोन स्ट्राइक झाल्यावर कोणता चेंडू काढतो, हे बघत बसा. पिचरच्या विजयांच्या आकड्याला फार किंमत देऊ नये हे पुस्तकांतून वाचण्यापेक्षा ते १०-१० बघून लवकर पटतं.

खालच्या संघांकडे लक्ष ठेवा

मेजर लीगच्या प्रत्येक क्लबचे खाली चार पूर्ण हंगाम खेळणारे संघ असतात. पायरेट्सचे: ब्रेडेंटन, ग्रीन्सबरो, अल्टूना आणि सर्वात वर इंडियानापोलिस. वरचा संघ हरत असताना खरी बातमी इथे असते. आठवड्यातून एकदा अल्टूना आणि इंडियानापोलिसच्या सामन्यांचे तपशील वाचा. नव्या मुलाचं वय आणि त्याचे वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा फर्स्ट बेस) आणि स्ट्राइकआउटचे आकडे एवढंच पुरे.

पिट्सबर्गच्या जवळपास असाल तर अल्टूनाला जाच. गाडीने दोनेक तास. मैदानाच्या मागे करमणूक उद्यानाचा लाकडी रोलरकोस्टर दिसतो, खेळाडू हाताच्या अंतरावर असतात. संघाचं नाव कर्व्ह, कारण शेजारी १८५४ साली सुरू झालेलं हॉर्सशू कर्व्ह हे रेल्वेचं प्रसिद्ध वळण आहे. बोरघाटातून रेल्वेने गेलेल्याला ते बघताना परकं वाटणार नाही.

भारताशी या क्लबचं एक खरं नातंही खालच्याच पातळीवरचं आहे. २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू पायरेट्सनी करारबद्ध केले. अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार मिळालेले ते पहिले भारतीय. दोघेही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला.

जुलै आणि जर्सी

जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. हरणारे संघ त्याआधी चांगले, महाग होत चाललेले खेळाडू देऊन तरुण पोरं घेतात. या आठवड्यासाठी मनाची तयारी हवी. २०२५ मध्ये पायरेट्सनी थर्ड बेसमन के’ब्रायन हेझ सिनसिनाटीला दिला आणि शेवटच्या दिवशी डेव्हिड बेडनार यांकीजना. बेडनार पिट्सबर्गच्या उत्तरेला असलेल्या मार्स गावचा, म्हणजे घरचाच पोरगा. २०१८ च्या जानेवारीत तर दोन दिवसांच्या अंतराने गेरिट कोल आणि अँड्र्यू मॅककचेन दोघेही गेले.

यामागे नियम आहे. खेळाडूला मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा झाल्यावर मोकळं होता येतं, म्हणजे हव्या त्या संघात जाता येतं. पहिली साधारण तीन वर्षं तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो, नंतर लवादामार्फत पगार वाढतो. स्कीन्स २०२९ च्या हंगामानंतर मोकळा होईल. ही तारीख लक्षात ठेवली की त्याआधीच्या प्रत्येक अफवेचा अर्थ लागतो.

म्हणून सध्याच्या खेळाडूच्या नावाची जर्सी घेताना दोन गोष्टी बघा: तो कधी मोकळा होतोय आणि त्याचा लांबचा करार झालाय का. पण करार ही हमी नाही. हेझचा आठ वर्षांचा होता. सुरक्षित पर्याय २१ नंबरचा. क्लेमेंतेला कुणी विकू शकत नाही.

मालकाचं भांडण वेगळ्या खात्यात

बेसबॉलमध्ये पगारांवर कडक कमाल मर्यादा नाही. लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२३ च्या डिसेंबरात शोहेई ओतानीशी ७० कोटी डॉलरचा करार केला. त्याच वर्षी पायरेट्सनी ब्रायन रेनॉल्ड्सशी १० कोटी ६७ लाख ५० हजारांचा केला, आणि तो तोवरचा त्यांचा सर्वात मोठा करार होता. श्रीमंत क्लबांच्या उत्पन्नातला वाटा छोट्या शहरांच्या क्लबांना मिळतो, पण तो खेळाडूंवर किती खर्च होतो हा जुना वाद आहे. २०१० मध्ये बाहेर आलेल्या कागदपत्रांत २००७ आणि २००८ या दोन हरलेल्या वर्षांत मिळून पायरेट्सचा नफा सुमारे २.९ कोटी डॉलर दिसला. २००७ पासून मुख्य मालक असलेल्या बॉब नटिंगवरचा राग तिथून मुरत आलाय. २०२५ च्या घरच्या पहिल्या सामन्यात ‘सेल द टीम’ (संघ विका) अशा घोषणा झाल्या. त्याच महिन्यात उजव्या भिंतीवरची २१ ची खूण काढून दारूची जाहिरात लावल्याचं चाहत्यांनी पकडलं आणि क्लबला ती खूण परत लावावी लागली.

छोट्या शहराचं कारण मला अर्धंच पटतं. मिलवॉकीचा महानगर परिसर पिट्सबर्गच्याहून मोठा नाही आणि तिथला संघ वर्षानुवर्षं प्लेऑफ गाठतो. निषेध करायचा तर तो ठोस ठेवा. पूर्ण हंगामाचं पॅकेज न घेता मोजके सामने निवडा, मैदानातल्या दुकानात खर्च करू नका, आणि उरलेल्या पैशांत अल्टूनाला जा. राग खेळाडूंवर काढू नका. बावीस वर्षांच्या शॉर्टस्टॉपने पगारपत्रक ठरवलेलं नसतं.

मैदानावर जाल तेव्हा

एप्रिल-मेमधला मंगळवार-बुधवार निवडा, जॅकेट घ्या. पीएनसी पार्क २००१ मध्ये उघडलं. जागा थर्ड बेसच्या बाजूला, वरच्या मजल्यावर घ्या; तिथून अ‍ॅलेगेनी नदी, पिवळा क्लेमेंते पूल आणि पलीकडच्या उंच इमारती समोर येतात. गाडी नदीपलीकडे डाउनटाउनमध्ये लावा. सामन्याच्या दिवशी पूल वाहनांना बंद असतो, चालत या. डाउनटाउन ते नॉर्थ साइड ही लोकल ट्रेन फुकट आहे. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात, तेव्हा पोळी-भाजीचा डबा चालतो. पिशवीचा नियम मात्र आधी वाचून जा. मध्येच पिएरोगीचे, म्हणजे पोलिश करंज्यांचे, पोशाख घातलेल्या माणसांची शर्यत होते. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्या दृष्टीने मुख्य कार्यक्रम तोच.

ऑक्टोबरनंतर

१३ ऑक्टोबरला शक्य असेल तर पिट विद्यापीठाच्या आवारात जा. तिथे पायरेट्सच्या जुन्या मैदानाच्या, फोर्ब्स फील्डच्या, भिंतीचा तुकडा उभा आहे. दरवर्षी चाहते तिथे जमून १९६० च्या त्या सातव्या सामन्याचं रेडिओ प्रक्षेपण पहिल्यापासून ऐकतात, अशा बेताने की मॅझरोस्कीचा फटका बरोबर ३:३६ ला ऐकू यावा. १९८५ मध्ये एकटा चाहता टेप घेऊन बसला होता, तिथून हे सुरू झालं. खुर्ची घरून न्या.

डिसेंबरात ड्राफ्टची लॉटरी असते. प्लेऑफला न पोचलेल्या संघांत पहिल्या सहा जागांसाठी चिठ्ठ्या निघतात. जितका वाईट संघ, तितकी जास्त शक्यता, पण खात्री नाही. ही पद्धत २०२३ च्या ड्राफ्टपासून आली आणि पहिलीच लॉटरी पायरेट्सना लागली, स्कीन्स तिथून आला. छोट्या बाजाराच्या संघाला सलग तिसऱ्या वर्षी लॉटरीतली जागा मिळत नाही, तेव्हा मुद्दाम हरून फायदा होतो या समजुतीत राहू नका. फेब्रुवारीच्या मध्यावर पिचर आणि कॅचर फ्लोरिडात ब्रेडेंटनला सरावाला पोचतात. नवी वही त्याआधी आखून ठेवा.